गुहेतील लवणस्तंभ कसे घडतात?
(चुनखडीच्या गुहा व त्यांतील कार्बोनेट खनिजे यांविषयी यात्रेकरूंसाठी माहिती)

औंढा नागनाथ क्षेत्री येणारे भाविक अरुंद पायऱ्या उतरून भूपृष्ठाखालील गर्भगृहात दर्शन घेतात. त्या लहानशा, अंधाऱ्या व थंड जागेत उभे राहिल्यावर अनेकांच्या मनात सहज प्रश्न येतो की, हे गर्भगृह मुळात एखादी नैसर्गिक गुहा असेल काय? ज्या भाविकांनी आंध्र प्रदेशातील बोरा गुहा, ओरिसातील (आताच्या ओडिशातील) गुप्तेश्वर अथवा उत्तराखंडातील पाताळ भुवनेश्वर येथे दर्शन घेतलेले असते, ते याच्याही पुढे जाऊन विचारतात की, तेथे छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने पाषाणाचे लिंग आपोआप घडते असे सांगतात, ते खरे काय? खरे असल्यास आपल्या भागात तसे का घडत नाही?

हे प्रश्न जिज्ञासेतून आलेले आहेत व त्यांचे उत्तर भूशास्त्राने स्पष्टपणे दिलेले आहे. ते सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत येथे देत आहोत. तीर्थयात्रेत ज्या स्थळांचे दर्शन घडते त्यांची घडण समजल्यास दर्शनाचा आनंद वाढतो आणि त्या स्थळांचे जतन कसे करावे हेही कळते.

आपल्या जिल्ह्याचा पाषाण

प्रथम औंढ्याविषयी. येथील गर्भगृह ही नैसर्गिक गुहा नसून घडीव दगडांचे बांधकाम आहे. हिंगोली जिल्हा, किंबहुना जवळजवळ सर्व मराठवाडा, काळ्या पाषाणावर म्हणजे बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर पडले व थिजले, त्यातून हा पाषाण झाला. हा पाषाण पाण्यात विरघळून त्यात मोठ्या पोकळ्या होत नाहीत. म्हणून वेरूळ व अजिंठा येथील लेणी मानवाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत, पाण्याने नव्हेत.

चुनखडीचा खडक मात्र आपल्यापासून फार दूर नाही. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या भागात पोहोचते, तेव्हा तिच्या खोऱ्यात काळ्या पाषाणाऐवजी चुनखडीचे थर उघडे पडलेले दिसतात. भूशास्त्रज्ञांनी या खडकांच्या समूहास पैनगंगेचेच नाव दिलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने या भागातील चुनखडीवरच चालतात. पृथ्वीवर शंखशिंपल्यांचे प्राणी अवतरण्याच्याही पूर्वी येथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा खडक आहे. ज्या नदीचे पाणी आपण ईसापूरच्या धरणात पाहतो, तीच नदी पुढे एका लुप्त समुद्राच्या तळावरून वाहते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चुन्याच्या निवळीचा प्रयोग

गुहेत काय घडते हे समजण्यास शाळेतील एक प्रयोग पुरेसा आहे. विरविलेला चुना पाण्यात ढवळून स्थिर होऊ द्यावा व वरचे नितळ पाणी काढून घ्यावे. हीच चुन्याची निवळी. त्यात नळीने फुंकर घातली असता ती दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड वायूचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते व त्याचे सूक्ष्म पांढरे कण पाण्यात तरंगतात. येथवरचे बहुतेकांस आठवत असेल.

पुढचा भाग मात्र पुष्कळजण विसरतात. फुंकर तशीच बराच वेळ चालू ठेवली, तर दुधाळ पाणी पुन्हा नितळ होते. अधिक वायू मिळाल्याने कार्बोनेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते आणि ते पाण्यात विरघळते. आता हे नितळ पाणी तापविले, तर वायू निघून जातो व पांढरे कण पुन्हा प्रकट होतात. पाण्यात वायू शिरला की दगड विरघळतो, वायू निघून गेला की दगड परत येतो. चुनखडीच्या गुहेचे सर्व रहस्य या एका वाक्यात सामावलेले आहे.

आपल्या घरी कूपनलिकेचे पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरा कठीण थर बसतो, तो याच प्रकारचा असतो. त्यास आपण ‘क्षार बसले’ असे म्हणतो. साबणाचा फेस न होणारे जड पाणी व गुहेतील देखणे स्तंभ ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत.

पाण्याचा प्रवास

पावसाचा थेंब हवेतून खाली येताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. परंतु त्याची खरी शिदोरी जमिनीत भरते. झाडांची मुळे व मातीतील सूक्ष्म जीव सतत श्वसन करीत असतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतील हवेत हा वायू बाहेरील हवेच्या कितीतरी पट असतो. मातीतून झिरपताना पाणी हा वायू शोषून घेते व सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल सोडावॉटरपेक्षाही सौम्य असते, तथापि त्याच्या हाताशी हजारो-लाखो वर्षे असतात.

हे पाणी चुनखडीच्या चिरांतून उतरताना चिरांच्या कडा विरघळवीत जाते. केसाएवढी चीर बोटाएवढी होते, बोटाएवढीची वाट होते, वाटेचे दालन होते. पुढे भूजलाची पातळी खाली गेली की दालनातील पाणी ओसरते व तेथे हवा शिरते. येथवर पाण्याने केवळ दगड नेण्याचे काम केले. यानंतर ते दगड आणून देण्याचे काम करू लागते.

छतातून उतरलेला थेंब गुहेच्या मोकळ्या हवेत येतो. या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मातीतील हवेपेक्षा कमी असते, म्हणून थेंबातील जादा वायू बाहेर पडतो. वायू गेल्यामुळे थेंबास आपल्यातील सर्व चुना धरून ठेवता येत नाही आणि कॅल्साइटचा अत्यंत पातळ थर मागे राहतो. पाणी वाळून क्षार उरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खोल गुहेत हवा इतकी दमट असते की पाणी फारसे वाळतच नाही. मुख्य कारण वायूचे निघून जाणे हेच होय.

थेंब लोंबत असताना त्याच्या कडेने सूक्ष्म वर्तुळ उमटते. वर्तुळावर वर्तुळ चढत कमळाच्या देठासारखी पोकळ, नाजूक नळी तयार होते. नळीचे छिद्र बुजले की पाणी बाहेरून ओघळू लागते व नळी जाड होऊन गाजराच्या आकाराचा स्तंभ बनतो. यास अधोमुखी लवणस्तंभ म्हणतात. थेंब जमिनीवर पडून फुटतो, तेव्हा उरलेल्या वायूबरोबर उरलेला चुनाही तेथे सुटतो व खालून वर चढणारा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा राहतो. दोन्ही एकमेकांस मिळाले की अखंड खांब होतो. येथे ‘लवण’ हा शब्द शास्त्रीय अर्थाने वापरला आहे, त्याचा खाण्याच्या मिठाशी संबंध नाही.

ऊर्ध्वमुखी स्तंभाचा माथा पडणाऱ्या थेंबामुळे गोलाकार राहतो. मधोमध पडलेले पाणी सर्व बाजूंनी सारखे पसरते व थर सारखा चढतो. म्हणूनच हा आकार शिवलिंगासारखा दिसतो आणि वरून होणारी अखंड ठिबक पाहून भाविकास अभिषेकपात्राचे स्मरण होते. या आकाराचे कारण सांगता येते म्हणून त्याच्यापुढे जोडलेले हात खाली घ्यावे लागत नाहीत.

तीन प्रमुख खनिजे

कार्बोनेट खनिजांची संख्या मोठी आहे. यात्रेकरूंना गुहांतून व मंदिरांतून भेटणारी प्रमुख खनिजे तीन :

१. कॅल्साइट. हे शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. बहुतेक लवणस्तंभ याचेच असतात. नखाने यावर ओरखडा उठत नाही, चाकूच्या टोकाने सहज उठतो. शुद्ध असता पांढरे वा पारदर्शक असते, लोहाचा अंश असल्यास तांबूस-पिवळे होते. याच्या पारदर्शक तुकड्यातून पाहिले असता एका रेषेच्या दोन रेषा दिसतात.

२. ॲरॅगोनाइट. याचे घटक कॅल्साइटचेच, परंतु अणूंची मांडणी निराळी. त्यामुळे हे किंचित जड व कठीण असते आणि सुयांच्या झुबक्यासारखे वाढते. पाण्यात मॅग्नेशियम अधिक असल्यास कॅल्साइटची वाढ मंदावते व ॲरॅगोनाइटला वाव मिळतो. कालांतराने याचे रूपांतर पुष्कळदा कॅल्साइटमध्ये होते. शिंपल्यातील मोती हाही मुख्यतः ॲरॅगोनाइटच होय.

३. डोलोमाइट. यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. हा गुहेच्या भिंतींचा खडक असू शकतो. गुहेतील थेंबातून तो सहसा घडत नाही, परंतु पाण्यास मॅग्नेशियम पुरविण्याचे काम करतो.

आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही झिओलाइट या खनिजांबरोबर कॅल्साइटचे सुंदर स्फटिक सापडतात. विहीर खोदताना मिळणाऱ्या चमकदार ‘गारां’मध्ये हे असू शकतात. तसेच काळ्या रानात नांगरास लागणारे चुनखडीचे पांढरे खडे हेही कॅल्शियम कार्बोनेटच. पावसाळ्यात खाली उतरलेला चुना कोरड्या ऋतूत तेथेच थिजतो व वर्षानुवर्षे त्याचे खडे होतात. जेथे हे प्रमाण जास्त असते तेथे पिकास लोह मिळेनासे होऊन पाने पिवळी पडतात, हा आपल्या शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे.

भारतातील काही प्रसिद्ध गुहा

बोरा गुहा विशाखापट्टणमच्या उत्तरेस अनंतगिरीच्या डोंगरात आहेत. छतातील विवरातून एक गाय आत पडली, तिचा शोध घेणाऱ्या गुराख्यास आत शिवलिंग दिसले, अशी तेथील आख्यायिका आहे. गोस्थनी नदीचा उगम या गुहांशी जोडला जातो.

बेलम गुहा आंध्र प्रदेशातील नंद्याल जिल्ह्यात (पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यात) आहेत. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये त्यांची नोंद केली व २००२ मध्ये त्या पर्यटकांसाठी खुल्या झाल्या. मोजणी झालेली लांबी ३,२२९ मीटर आहे. आतील एका दालनात असंख्य लिंगाकार लवणस्तंभ असल्याने त्यास ‘कोटिलिंगालु’ म्हणतात, तर गुहेतील प्रवाहास ‘पाताळगंगा’ असे नाव आहे.

कुटुमसर, कैलास व दंडक या गुहा छत्तीसगडमधील बस्तर भागात, कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहेत. कुटुमसरच्या अंधारात दृष्टिहीन मासे आढळतात. पावसाळ्यात आत पाणी भरत असल्याने ही गुहा त्या काळात बंद असते.

अमरनाथ येथील लिंग मात्र वेगळ्या प्रकारचे, हिमाचे आहे. ते दरवर्षी घडते व वितळते. चुनखडीच्या गुहेतील स्तंभ एकदा घडला की टिकतो, आणि मोडला की आपल्या आयुष्यात पुन्हा उभा राहत नाही.

पाषाणात लिहिलेली पर्जन्याची वही

या स्तंभांचे सर्वांत मोठे मोल येथून पुढे आहे आणि ते मराठवाड्यातील माणसास विशेष जाणवावे असे आहे.

लवणस्तंभ उभा चिरला असता झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे थर दिसतात. थरातील युरेनियम व त्यापासून झालेले थोरियम मोजून त्याचे वय काढता येते. थरातील ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण त्या काळच्या पावसाविषयी सांगते. आपल्याकडे मान्सून जोरदार असता पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो, क्षीण असता जास्त. अशा रीतीने प्रत्येक थर हे जणू पर्जन्याच्या वहीचे एक पान ठरते.

वर उल्लेखिलेल्या दंडक गुहेतील लवणस्तंभाचा असा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांतील मध्य भारताच्या मान्सूनचा वृत्तांत मिळाला. चौदाव्या शतकात व पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मान्सून वारंवार व दीर्घकाळ क्षीण झाल्याचे त्यात दिसले. महाराष्ट्राच्या इतिहासात इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ प्रसिद्ध आहे, तो याच कालखंडातील. गावेच्या गावे ओस पडल्याच्या ज्या आठवणी परंपरेने जपल्या, त्यांस एका गुहेतील ठिबकणाऱ्या पाण्याने आपल्या परीने साक्ष दिली.

मेघालयातील सोहरा (चेरापुंजी) जवळच्या मावम्लूह गुहेतील एका स्तंभाने याहून जुनी साक्ष दिलेली आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून दीर्घकाळ दुर्बल झाल्याची खूण त्यात सापडली. जगाच्या इतर भागांतही त्या सुमारास दुष्काळ पडल्याच्या खुणा आहेत. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातील तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडास ‘मेघालयन’ हे नाव मान्य केले. एका भारतीय राज्याचे नाव पृथ्वीच्या कालगणनेत कायमचे नोंदले गेले, ते एका लवणस्तंभामुळे.

आपल्याकडे पर्जन्यमापकाने केलेल्या नोंदी जेमतेम दीड-दोनशे वर्षांच्या आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले हे ज्यांना आठवते, त्यांना पाऊस किती वर्षे सलग पाठ फिरवू शकतो हा प्रश्न नवा नाही. त्याचे दीर्घ काळातील उत्तर मोजमापांच्या वहीत नाही, ते गुहांत आहे. म्हणून कोणी आठवण म्हणून मोडून नेलेला हातभर स्तंभ हा केवळ दगडाचा तुकडा नसतो. आपल्या पूर्वजांनी सोसलेल्या अवर्षणांचा लेख त्यासोबत जातो.

वाढीचा वेग साधारणतः वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. या हिशेबाने एक फूट (सुमारे ३० सेंटिमीटर) उंचीच्या स्तंभास ३,००० वर्षे लागतात. म्हणजे संत नामदेव महाराज व विसोबा खेचर यांची औंढ्यास भेट झाल्याचे सांगतात त्या काळापासून आजपर्यंत असा स्तंभ अवघा सात-आठ सेंटिमीटर वाढला असता.

मंदिरातील चुना व संगमरवर

हेच ज्ञान मंदिरांच्या देखभालीसही उपयोगी पडते. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घालून तो विरवतात व वाळू मिसळून घाणीत मळतात. भिंतीवर चढविलेला हा गिलावा हवेतील तोच वायू हळूहळू परत घेतो व पुन्हा कार्बोनेट होऊन कठीण बनतो. अशा रीतीने जुन्या शिखरांवरील व ओवऱ्यांवरील चुन्याचा गिलावा म्हणजे मानवाने पुन्हा घडविलेली चुनखडीच होय. हा गिलावा ओलावा बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा थर वा तैलरंग दिल्यास ओलावा आत कोंडतो व जुने काम फुगून सुटू लागते. जीर्णोद्धारासाठी देणगी देणाऱ्यांनी जुन्या कामास चुन्याचीच दुरुस्ती व्हावी असा आग्रह अवश्य धरावा.

संगमरवर हेदेखील उष्णता व दाबाने पालटलेले कॅल्साइटच. त्यामुळे लिंबू, दही, चिंच, ताक यांतील आम्लाने त्याची झिलई जाते, आणि स्वच्छतागृहात वापरतात ते ‘ॲसिड’ टाकल्यास तो फसफसून विरघळतो. काळ्या पाषाणावर असे फसफसणे होत नाही. म्हणून जेथे पंचामृताचा अभिषेक नित्य होतो तेथे संगमरवरी फरशी अर्पण करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा हे बरे.

गुहातीर्थांस जाणाऱ्या भाविकांस विनंती

• लवणस्तंभांस हात लावू नये. हाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी नवा थर नीट बसत नाही व ती जागा काळी पडते. दर्शन दुरूनच घ्यावे व नमस्कार हात जोडून करावा.
• स्तंभाचा तुकडा मोडू नये, उचलू नये वा कोणी विकत दिल्यास घेऊ नये. राष्ट्रीय उद्यानातून असे काही आणणे हा गुन्हाही आहे.
• बंदिस्त गुहेत कापूर, उदबत्ती, मशाल पेटवू नये. काजळी ओल्या थरात अडकते व पुढील थराखाली कायमची राहते.
• दिव्यांचा झोत स्तंभांवर सतत ठेवू नये. प्रकाशामुळे तेथे हिरवे शेवाळ वाढते.
• नेमून दिलेल्या संख्येपेक्षा अधिक गर्दी करू नये. माणसांच्या श्वासातील वायूने गुहेतील हवा बदलते. फ्रान्समधील लास्को येथील प्राचीन चित्रांची गुहा याच प्रकारच्या हानीमुळे १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली.
• भिंतीवर नावे कोरू नयेत. त्या दगडावर आपल्याआधी पावसाने लिहिलेले आहे.

गुहेच्या माथ्यावरील जंगल हाही गुहेचाच भाग समजावा. झाडे व माती नाहीशी झाली तर पाण्यास वायू मिळत नाही आणि आतील ठिबक निर्जीव होते. ज्यांस एखाद्या गुहातीर्थास काही अर्पण करावयाचे असेल, त्यांनी तेथील डोंगरमाथ्यावर एक झाड लावून ते जगवावे. त्याचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही, परंतु पुढील हजारो वर्षांचा अभिषेक त्यामुळे चालू राहील.

सर्व यात्रेकरूंचा प्रवास सुखरूप होवो, ही श्रीनागनाथचरणी प्रार्थना.